सिलिंडरवरची ओल

पाहुणे आमच्याकडे यायला निघाले होते आणि दुसरं सिलिंडर घरात नव्हतं.

"अहो, पुरणपोळ्या होईपर्यंत गॅस पुरेल का?" बायकोने विचारलं.

मी ओलं फडकं सिलिंडरवरून फिरवलं. वरचा पत्रा लगेच वाळला, तळाशी दोन बोटं ओल टिकली. आत द्रव असेल तिथला पत्रा गार राहतो; म्हणजे तेवढाच द्रवरूप गॅस उरला होता, बहुतेक ब्युटेन.

"पुरेल."

"बोटं मोजून पोळ्या होतात होय?"

चार कार्बन, दहा हायड्रोजन. दाबाखाली पाण्यासारखं गप्प बसायचं, वाट मिळताच पत्र्याची ऊब घेऊन वायू व्हायचं, आणि जळताना त्या उबेच्या कितीतरी पट परत द्यायची. इतकी चोख परतफेड माणसांत क्वचितच दिसते.

शेवटची पोळी टम्म फुगली. बायकोने फडकं भिजवून सिलिंडरवर फिरवलं. बोटभर ओल शिल्लक होती.