सागाच्या पानांतला रातवा

बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले, तेव्हा टर्बाइनच्या घरघरीनं त्यांचे कान जवळपास गेलेच होते. आई वारल्यावर मी त्यांना नागपूरला माझ्याकडे आणलं.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला. पलीकडच्या माळावर विद्यापीठानं एक रान राखलंय. तिथं कुणी कुऱ्हाड नेत नाही, गुरं सोडत नाही. विद्यार्थी शिकायला येतात आणि सकाळी आमच्यासारख्यांना फाटक उघडं असतं. थंडीत पायवाटेवर गुडघाभर धुकं साचतं. त्यातून चालताना आपण नीट जागे झालोय की नाही, हेच कळत नाही.

मी बाबांना तिथं फिरायला नेऊ लागले. पहिल्या रविवारी मुलंमुली पक्षी मोजत होती. बाबांनी मला विचारलं, "आज काहून एवढे लोक वं?" त्यांच्या मते ते कुजबुजले होते. झुडपातला अख्खा थवा भुर्रकन उडाला.

गटातली एक मुलगी जवळ आली. "आजोबा, जरा हळू बोला ना."

"काय म्हणून राहिली ती?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. पुढच्या रविवारी म्हणाले, "तू जाय. मले नको नेऊ." मी हट्टानं नेलं. फाटकातून आत शिरताच त्यांनी ओठ घट्ट मिटले.

मुलं कानांच्या भरवशावर चालत होती. आवाज आला की सगळ्यांच्या माना एकदम वळायच्या. बाबा सर्वांत मागे. सागांखाली ते अचानक थांबले. मी बाही ओढली, पण हलले नाहीत. नुसती काठी उचलून त्यांनी समोर धरली. मला वाळक्या पानांशिवाय काही दिसेना. ती मुलगी मागे आली, काठीच्या रेषेत वाकली आणि तशीच राहिली.

मग मलाही दिसलं. एका पानाला डोळा होता, बारीक चिरेएवढा, झोपेनं जड झालेला.

"रातवा," ती श्वासातच म्हणाली.

पानांच्याच रंगाचा तो पक्षी जमिनीवर पोट टेकून झोपला होता. धुक्यातून कोवळं ऊन उतरत होतं. बाकीची मुलं पाऊल न वाजवता आली. किती वेळ उभे होतो कोण जाणे. माझ्या मनात घर नव्हतं, ऑफिस नव्हतं, काहीच नव्हतं.

बाहेर आल्यावर मुलीनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "तुम्हाला कसा दिसला?"

"वाऱ्यानं सारे पानं हालून राहिले होते. ते एक हालत नव्हतं. टर्बाइनच्या मीटरचे काटे पाहण्यात उमर गेली माही, बेटा. सारे हालते अन् एक थांबला, का नजर तिथंच जाते."

तेव्हापासून दर रविवारी ती त्यांना न्यायला घरी येते. मी असले तर मीही जाते.

परवा रानातल्या बाकावर बसलो असताना बाबांनी तिला विचारलं, "हा रातवा बोलते कसा?"

तिनं त्यांचा तळहात हातात घेतला आणि बोटानं टकटक केलं. आधी सावकाश, मग भरभर, फरशीवर पडून उड्या घेत थांबणाऱ्या गोटीसारखं. बाबांनी डोळे मिटले.

"अजून एकदा," ते म्हणाले.

मागे कुठंतरी एक पक्षी ओरडला. आम्ही दोघींनीही वळून पाहिलं नाही.