झाडाला बांधलेली मौली

शेजारच्या आंटीजींनी आज पूजेचा लाल धागा, म्हणजे इथली मौली, माझ्या मनगटाला बांधली आणि तिच्या कापूर-कुंकवाच्या वासानं मी थेट कसौलीच्या वरच्या जंगलात पोचलो. बायको इथं चंदीगडच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवते. जंगलात मी तिचा डबा आणि छत्री वाहतो. मागे एकदा तिथं ओकच्या जुन्या खोडावर, शेवाळात, तिला रानातली एक आमरी, म्हणजे ऑर्किड, सापडली. त्या नखाएवढ्या पांढऱ्या फुलांसाठी बायकोनं कितीतरी डोंगर पालथे घातले होते. "अहो, श्वास हळू घ्या," ती कुजबुजली. पण चाऱ्यासाठी लोक त्या झाडाच्या फांद्या तोडत होते, ते पाहून तिचा चेहरा उतरला. मग काय, माझी अक्कल धावली! आपल्याकडे कुऱ्हाड फक्त देवाला घाबरते, असं म्हणत वाटेतल्या मंदिरातून घेतलेली मौली मी खोडाला गुंडाळली. बायको हसलीसुद्धा. पुढच्या वसंतात गेलो, तर झाडावर धागेच धागे, चुनऱ्या, शेंदूर, आणि खोड शेवाळ-आमरीसकट लख्ख खरवडलेलं. दिवा लावणारे बाबाजी कौतुकानं म्हणाले, "बड़ी शक्ति है जी इस पेड़ में. काई-घास जमी थी, हमने सब साफ़ कर दी." ते आशेनं बघत होते, म्हणून बायकोनं चपला काढून हात जोडले. परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "झाड तरी वाचलं." आज आंटीजी गेल्यावर मी गुपचूप मौलीची गाठ सोडायला लागलो, तर बायको म्हणाली, "राहू द्या अहो. हिच्यामुळं झाड तरी वाचलं होतं."