सीटवरचं पोतं

परसवाड्याच्या शालिकरामची जीप डावीकडे ओढू लागली, म्हणून त्यानं ती अंगणात घेतली. जीप सरळ चालावी म्हणून पुढच्या दोन चाकांमधलं अंतर तो समोरून आणि मागून सुतळीनं मोजायचा. मोजताना सीटवर माणूस हवाच, नाहीतर माप खोटं येतं, असा त्याचा हट्ट. दहा वर्षं मोठा भाऊ भैयालाल बिडी ओढत तिथं बसायचा. भैयालालला जाऊन पंधरा दिवस झाले होते. शालिकरामनं सीटवर घरातलं तांदळाचं पोतं ठेवलं. माप बरोबर आलं, त्यानं नट आवळले, हात पुसले.

भैयालालची बायको विमलाबाई सूप घेऊन त्या पोत्यातून तांदूळ काढायला आली.

"राहू द्या वहिनी, माप बिघडन."

ती तशीच परतली. त्या दिवशी घरात भात शिजला नाही, आणि काहून म्हणून कोणी विचारलं नाही.