घंगाळावरचे ठोके

सांगणार नव्हतो. पण आमच्या आळीत हा किस्सा प्रत्येक जण पदरची भर घालून सांगतो. मग काय घडलं ते माझ्याच तोंडून ऐका. चहा गार होऊ देऊ नका.

मी तांबट. सगळा जन्म कसब्यात गेला. शाळा चौथीपर्यंत, पुढचं हातोडीने शिकवलं. लॉकडाऊन लागला आणि आळी गप्प झाली. दिवसभर ठोके ऐकणाऱ्या माणसाला ती शांतता टोचायची. हात नुसते वळवळायचे. ताटावर बसलो की घास तोंडात फिरायचा. झोप नाही. पण मला काही झालं नव्हतं. झालं होतं ते समोरच्या वसंतरावांना. असं माझं मत.

वसंतराव पोस्टातून रिटायर झालेले. बायको वारली, मुलगी नाशिकला. एकटा माणूस. म्हणून आमची ही त्यांना डबा द्यायची. पायरीवर ठेवायचा, दार वाजवायचं आणि लांब सरकायचं, हे काम माझ्याकडे. रिकामा डबा आणला की मी उघडून बघायचो. रिकामा कसला! रोज निम्म्या पोळ्या परत.

त्यात हे गृहस्थ सकाळ-संध्याकाळ गच्चीवर गोल गोल फिरायचे. एकटेच बोलायचे. मध्येच दोन्ही हात आभाळाकडे. तुम्हाला काय वाटलं असतं?

मी हिला म्हणालो, "वसंतरावांचं लक्षण बरं नाही. जेवत नाहीत. एक दिवस जिवाचं काहीतरी करून घेतील."

"तुम्ही आमटी घ्या भातावर," ही म्हणाली. "कधीची गार झाली."

"मी त्यांच्याबद्दल बोलतोय."

"मी तुमच्याबद्दल."

हिला कशाचं गांभीर्य नाही. मग मीच पहारा धरला. ते त्यांच्या गच्चीवर आले की मी आमच्या गच्चीवर. नुसतं टक लावून कसं बघणार? म्हणून मीही फेऱ्या मारायचो. त्यांनी हात वर केले की मीही करायचो, संशय नको. उभ्या आयुष्यात व्यायाम म्हणून हात हलवला नव्हता. हातोडी मारणाऱ्याला व्यायाम कसला?

एका सकाळी वसंतरावांनी कठड्यावर पाय टाकला. तीन मजले खाली फरशी. आणि ते पुढे वाकले.

मी ओरडलो, "वसंतराव, मागे व्हा." ऐकू जाईना. आळी गोळा करायला हवी होती. गच्चीच्या कोपऱ्यात अर्धवट घडवलेलं घंगाळ पडलं होतं, शेजारी हातोडी. घातले दणादण ठोके.

खिडक्या उघडल्या. लोक बाहेर आले. कुणाच्या हातात ताट, कुणाच्या हातात पळी. नुकत्याच थाळ्या वाजवून झाल्या होत्या ना? लोकांना वाटलं, पुन्हा वाजवायच्या आहेत. कुणी सांगितलं, का, कशासाठी, एकानेही विचारलं नाही. सगळी आळी वाजवायला लागली. शेजारच्या काकूंनी शंख काढला. मी घसा फोडून सांगतोय, "अहो, धरा त्यांना," आणि लोक मलाच हसून हात करतायत.

हातोडी टाकून खाली धावलो. तोंडाला मास्क नाही, पायात चप्पल नाही. गल्लीत हवालदार उभे.

"आजोबा, कुठे निघालात?"

"वर माणूस जीव देतोय."

त्यांनी वर पाहिलं. वसंतराव कठड्याशी उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"खुशीत दिसतायत," हवालदार म्हणाले. "मास्क कुठंय?"

तेवढ्यात वसंतरावांनी कानातली वायर काढली आणि वरूनच आवाज दिला. "साहेब, त्यांना रागावू नका. जपून घरी न्या. काम बंद झाल्यापासून त्यांचं जेवण नाही, झोप नाही. वहिनींनी मला नजर ठेवायला सांगितलंय."

"माझ्यावर? जीव तर तुम्ही देत होतात!" मी म्हणालो.

"मग कुणावर? मुलगी फोनवरून पाय ताणायचा व्यायाम सांगते, तो मी खाली खोलीतही केला असता. वहिनी म्हणाल्या, यांना सांगून पटणार नाही, दुसऱ्याचं बघून करतील. म्हणून गच्चीवर येतो. नाना, माझा जीव गेलाच तर हे तीन जिने चढून जाईल."

"आणि पोळ्या परत का येतात?"

"बसून असतो हो मी, दोन पुरतात. वहिनींना केव्हाच सांगितलं. त्या म्हणाल्या, राहू द्या, निदान दुसऱ्याच्या पोळ्यांची तरी काळजी करू दे त्यांना."

आळी ताटं थांबवून ऐकत होती. असल्या वेळी मात्र सगळ्यांना ऐकू येतं.

हवालदारांनी मला मास्क दिला आणि दारापर्यंत सोडलं. हिने ताट वाढलं. आमटी गरम होती. पोटभर जेवलो आणि दुपारी मेल्यासारखा झोपलो. बऱ्याच दिवसांनी हाताला तांबं लागलं होतं.

पुढे सगळं उघडलं. वसंतराव आमच्या घरी आले तेव्हा ते घंगाळ माझ्या पुढ्यातच होतं. मी मारलेल्या ठोक्यांची ओळ हलत नाही, हे आळीत कुणालाही विचारा. या घंगाळावर मात्र एक ठोका धड नव्हता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"नाना, हे काम कुणाचं?"

"शिकाऊ माणसाचं," मी म्हणालो.

"वाटलंच," ते म्हणाले. "त्या दिवशी गच्चीवरून बघतानाही हात नवखाच वाटला."