ज्युलियाची अक्रोडाची बरणी

लग्न होऊन मस्कतला आले, तेव्हा आईला एकच काळजी, ही मुखदुर्बळ पोर तिथे बोलणार कुणाशी! पण गप्प माणसासमोर लोक बिनधास्त बोलतात आणि किस्से आपोआप साठत जातात. माझे निम्मेअधिक साठले मदिनत सुलतान काबूस या वस्तीतल्या आमच्या इटालियन शेजारणीकडे, ज्युलियाकडे.

*

पहिल्यांदा गेले, तर खिडकीत काचेची बरणी, आत लिंबाच्या साली. मला वाटलं, लोणचं.

"मीठ कमी दिसतंय," मी धीर करून म्हटलं.

ती हसत हसत खालीच बसली! लिंबाची गोड दारू करायला, परवान्यावर आणलेल्या व्होडकात साली मुरत होत्या. पिवळी साल तेवढी घ्यायची, पांढरं आलं की कडू. मी सोलून दाखवली, तर म्हणाली, "तू रोज ये!"

सोललेली लिंबं आमच्या घरी. टोपली बघून सौरभ, माझा नवरा, म्हणाला, "एवढ्या बटूंची मुंज कुणी लावली?"

*

ज्युलियाचा जीव मात्र अडकला होता अक्रोडात. तिच्या गावी कोवळे, हिरवे अक्रोड मुरवून 'नोचिनो' नावाची लिकर करतात. तिची आई करायची. आता आईला काही आठवत नाही, लेकीचं नावसुद्धा.

"तिच्यासारखी जमली, तर ओळखेल कदाचित," ज्युलिया म्हणाली.

*

जूनमध्ये तिला घेऊन आम्ही जबल अख्दरच्या डोंगरावर, अक्रोडाच्या बागेत गेलो. बागवाले ओमानी आजोबा हिंदीत ओरडलेच, "कच्चा? अरे, थोडा सबर करो!"

ज्युलियाने आईचं सांगितलं. आजोबा स्वतःच शिडी लावून चढले. "माँ के लिए? तो फिर ऊपरवाला लो!"

*

अक्रोड चिरून माझे हात काळेकुट्ट. साबण, लिंबू, काही चालेना. त्यात सासूबाईंचा व्हिडिओ कॉल!

"अगं बाई, मेंदी काय रंगलीय! सौरभ जीव टाकतो गं तुझ्यावर!"

मी लाजले. दुसरं काय करणार!

*

अक्रोड व्होडकात बुडवून, लवंग-दालचिनी घालून बरणी गच्चीत ठेवली. हिरवं पाणी बघता बघता शाईसारखं झालं. मी रोज सकाळी नुसती बघत उभी राहायचे. ज्युलिया मात्र धास्तावलेली. "आमचं ऊन मुरवतं, इथलं शिजवतं!"

*

डिसेंबरमध्ये ती बाटली घेऊन माहेरी गेली. तिथून फोन आला. नुसते हुंदके. मग कसंबसं म्हणाली,

"आईने घोट घेतला. मग ग्लास उजेडात धरला आणि माझ्यावर डाफरली, 'ज्युलिया, हे अक्रोड आपल्या झाडाचे नाहीत!'"