कुरडयांवरची राख

उन्हाळा भयंकर तापला, विजेची मागणी वाढली, म्हणून सरकारने आमच्या गावाजवळचं बंद पडलेलं जुनं वीजकेंद्र तातडीने सुरू केलं. धुराचे नियम तेवढ्यापुरते बाजूला ठेवले.

सकाळी गच्चीवर गेले तर शेजारच्या मंदाकाकू वाळत घातलेल्या कुरडयांवरून बोट फिरवत होत्या. बोट राखेने माखलं.

"टाकून द्या, काकू."

"टाकतेच गं. पण ह्यांच्या छातीचं काय करू?"

खालून काकांचा खोकला ऐकू येत होता. वीज सगळ्यांनाच हवी, हे मलाही कळतं. पण कुठल्याशा थंडगार खोलीत कुणीतरी आमचा श्वास परस्पर देऊन टाकला, याची मला किळस आली.

काकूंबरोबर खाली गेले. राख येऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या. पंखा भरभर फिरत होता आणि कोंडलेली तीच हवा काकांना पुन्हा पुन्हा देत होता.