संपत हुतुतू खेळला तो दिवस

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, ज्यांच्यासोबत निम्मी हयात शाळेत काढली त्या मास्तरांजवळही नाही. आता सांगतोय, पण नीट सांगेन की नाही याचा मलाच भरवसा नाही — तुम्हीही ठेवू नका. माझी एक खोड मला ठाऊक आहे. गोष्ट सांगता सांगता मी स्वतःला जरा सावलीत सरकवून घेतो. तसं करताना दिसलो तर ओळखा.

सध्याचं दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच्या पुष्कळ आधीचं हे. मी नवा मास्तर, मिसरूड नुकतं फुटलेलं. मेडशीच्या अलीकडे एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेवर मला धाडलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. कुणाला त्रास नको म्हणून — की अजून भितो म्हणून? दुसरंच खरं असावं.

शाळेत खेळाचा तास घ्यावा असा वरून हुकूम होता. हेडमास्तर थकलेले, त्यांनी तो माझ्या गळ्यात घातला. गावाला हा तास पहिल्या दिवसापासून खुपत होता. एक बाप दारात येऊन म्हणाला, "मास्तर, पोट्ट्याले शायेत शिक्याले धाडलं, खेयाले नाई. खेयाले का घरी जागा नाई त्याले?" दुसऱ्यानं तर हळूच विचारलं, पोरांची अंगं कमावून घेता ती सरकारच्या पलटणीत न्यायला का? मी हसलो. पण माझ्या पाठीमागे अजून काय काय बोलतात, याचा घोर मला तेव्हापासून लागला. विहिरीवर दोघं बोलताना गप्प झाले की वाटायचं, माझंच चाललं होतं.

राहायला खोली पाटलांची. शाळेमागची पडीत जागा, जिथं आम्ही राखेनं रेघा आखून हुतुतू खेळायचो, तीही त्यांचीच. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे कारण म्हणून वापरायचा मोह होईल.

संपत महारवाड्यातला. चौथीत होता. वर्गात नाही, ओसरीवर बसायचा, खिडकीच्या खाली. पाठ म्हणायची वेळ आली की त्याचा आवाज खिडकीतून आत यायचा — स्पष्ट, न अडखळता. चौथीची परीक्षा तो पास होणार याबद्दल हेडमास्तरांनाही शंका नव्हती. पास झाला तर वाशीमला पुढं शिकायची त्याची सोय करायला तिथले एक गृहस्थ तयार होते. त्याच्या वाड्यातून चौथी पास झालेलं तोवर कुणी नव्हतं. खेळाच्या तासाला तो रेघेच्या बाहेर उकिडवा बसून बघायचा. मीच त्याला तिथं बसवत होतो. नियम कुणी लिहून दिला नव्हता. लिहून द्यावाच लागत नव्हता.

कापूस वेचणीचे दिवस होते. निम्मी शाळा शेतात. एका बाजूला गडी कमी पडला आणि पोरं कुरकुरायला लागली. मी बाहेर पाहिलं आणि म्हणालो, "संपत, ये."

का म्हणालो? पुढे पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की माझं मन मोठं होतं म्हणून. मला शंका आहे. मला वाटतं, डाव मोडू नये एवढंच होतं. तरुण होतो, मलाही खेळ बघायचा होता.

संपतनं दम धरला आणि पलीकडे गेला. आणि मग काय झालं सांगू? सगळी पोरं पळाली. तो पुढं, ती मागं, पार शेवटच्या रेघेपर्यंत. त्याला कुणी धरेना. तो मात्र एकेकाला शिवत सुटला. हुतुतू हा शिवायचाच खेळ, आणि शिवायचं नाही असा पोरगा त्यात उतरलेला. तो परत आला तेव्हा समोरची बाजू जवळजवळ सगळी मेलेली. पोरं आधी हसली. मग वैतागली. एकजण ओरडला, "मास्तर, याले कोनी धरतच नाई, मंग हा मरते कसा?"

न्यायाचाच प्रश्न होता. पोरांना न्याय फार लवकर कळतो.

पाटलांचा नातू नारायण समोर उरला होता. दांडगा, हरायची सवय नसलेला. संपत पुन्हा दम धरून पलीकडे गेला, तेव्हा नारायणनं माझ्याकडे पाहिलं. तो विचारत होता — तोंडानं नाही, पण विचारत होता. आणि मी, शाळेचा मास्तर, हात उंचावून ओरडलो, "धर त्याला, नारायण! बघतोस काय, धर!"

नारायणनं त्याच्या पायांना मिठी घातली. दोघं धुळीत आडवे. संपत रेघेकडे सरपटतोय, दम सुटत नाही, हुतूतू हुतूतू चाललेलंच, नारायण दात खाऊन ओढतोय, भोवती पोरं नाचतायत. शेवटी दम तुटला तो हसण्यानं. संपतला हसू फुटलं आणि तो मेला. पडल्या पडल्या दोघं हसत होते. शाळेत इतकी वर्षं काढली, पण तसा डाव मी पुन्हा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील आले. सोबत चारपाच माणसं. पाटील रागावले असते तर बरं झालं असतं — पण ते खुर्चीवर बसले, पाणी मागितलं, आणि सावकाश म्हणाले, "मास्तर, ते पोट्टं आपल्या मनानं घुसलं का तुमी घातलं?"

बघा, कसा प्रश्न होता. दार त्यांनी स्वतःच उघडून धरलं होतं. त्यांना माझ्यावर संशय होता की त्यांना मला वाचवायचं होतं, हे मला आजही कळलेलं नाही. हेडमास्तर जमिनीकडे बघत होते. खिडकीच्या खाली संपत बसला होता. मला दिसत नव्हता, पण तो तिथं होता आणि त्याला सगळं ऐकू जात होतं. हे मला त्या क्षणी माहीत होतं.

मी म्हणालो, "मी पाणी प्यायला गेलो होतो. माघारी तो आपल्या मनानं घुसला."

बस. एवढंच वाक्य. ते मी विचार करून बोललो नाही असं लिहिणार होतो. पण ते पाणी प्यायला जाणं — ते मी रचलं ना? विचार न करता कुणी तेवढं रचतं?

संपतच्या बापाला बोलावून आणलं. तो आवारात उभा राहिला, डोक्यावरचं काढून हातात घेतलं. "चुकलं मायबाप," म्हणाला. काय चुकलं हे त्यानं विचारलं नाही. आणि पोराच्या पाठीत दोन रट्टे घातले. मोठ्यानं, आम्हाला दिसतील असे. दुसऱ्यांनी हात टाकायच्या आत आपणच टाकून मोकळा झाला. संपत रडला नाही. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. "मास्तरांनीच बोलावलं" हे दोन शब्दांचं वाक्य त्याला येत होतं, त्याहून अवघड पाठ तो घडाघडा म्हणायचा. तो बोलला नाही. मला सांभाळून घेतलं? की आपलं कुणी खरं धरणार नाही हे त्याला माझ्याआधी कळलं होतं?

तो परत शाळेत आला नाही. परीक्षेलाही नाही. वाशीमच्या गृहस्थांना हेडमास्तरांनी कळवलं, मुलाची ओढ कमी झाली. मी ते ऐकलं आणि मान हलवली.

हुतुतू बंद झाला. त्याऐवजी मी कवायत सुरू केली — पोरं रांगेत उभी, दोघांमध्ये हातभर अंतर, कुणाचा कुणाला धक्का नाही. तपासणीला आलेले साहेब खूश झाले. माझ्या शाळेतली शिस्त त्यांनी वाखाणली, आणि त्याच शिस्तीवर मी पुढे चढत गेलो. आज नव्या मास्तरांपुढे मला बोलायला उभं करतात. खेळानं मुलं एक होतात, असं मी सांगतो. ते माना डोलावतात.

आणि एवढी वर्षं मी काय करत होतो? चुगली कुणी केली ते शोधत होतो. हेडमास्तरांवर संशय घेतला, त्यांच्याशी बोलणं तोडलं. शाळा झाडणाऱ्या म्हातारीवर घेतला. नारायणवर तर होताच. पोरगा दिसला की माझ्या कपाळावर आठी. ज्यानं चुगली केली त्यानंच संपतचं वाटोळं केलं, असा हिशेब मनाशी जमवून ठेवला होता.

परवा मंगरूळपीरच्या बाजारात नारायण भेटला. आता पोराबाळांचा झाला आहे. चहा पाजला, जुन्या गोष्टी निघाल्या. मी विषय त्या दिवसावर आणला. सहज आणला असं दाखवलं. तो हसून म्हणाला, "म्याच सांगतलं ना घरी! खुशीत सांगतलं, आबा, संपतले म्या धरलं, कोनालेच धरता येत नव्हता! मले का माईत असं होईन. मले आंघोय घातली, वरून गोमूत्र शिपडलं, अन् जेवाले नाई देल्लं." मग हसू थांबलं. "पन मास्तर, तुमीच तर म्हनले होते ना — धर म्हून?"

वीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी तोंडावर विचारला होता. पाटील हयात नाहीत. खोली पाटलांची नाही. मला कुणी काही करणार नव्हतं.

मी म्हणालो, "मला नाही आठवत रे."

नारायणनं चहाचे पैसे दिले. निघताना एवढंच सांगितलं, की संपत वाशीमला कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, रुईचे गठ्ठे उचलतो, आणि सरकीच्या धुरळ्यानं त्याला दम लागतो.

म्हणजे तो कुठं आहे हे मला ठाऊक आहे. वाशीमला माझं महिन्यातून एकदा जाणं होतं.

संपतला खेळायला मी बोलावलं आणि त्याला धर असं मीच सांगितलं — हे त्याच्यासमोर, आणि त्या गावच्या चावडीवर, त्याच्या वाड्यातली माणसं ऐकत असताना सांगणं माझ्याकडून राहिलं आहे.